गर्दी आहे, गल्ला नाही: मंदीत माथेरानचं काय होतं?

सुहास_मुलुंड

नमस्कार मंडळी. एरवी मी नुसता वाचणारा, आज अडलंय म्हणून लिहितोय.

माझ्या मामाचं माथेरानला छोटं लॉज आहे. आजोबांनी चालू केलेलं. ९ खोल्या, मागे स्वयंपाकघर, पुढे पडवी. मामा आता ६८ चा आहे, मुलगा पुण्यात नोकरीला, त्याला या धंद्यात रस नाही. दिवाळीत मामीचा फोन आला, "दोन दिवस येऊन गल्ल्यावर बस, माणसं कमी आहेत." मला वाटलं कामाला माणसं कमी पडतायत. जाऊन बघतो तर पाहुणेच कमी!

आणि गंमत अशी की बाहेर बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. भाऊबीजेच्या दिवशी मी पडवीत खुर्ची टाकून बसलो होतो. समोरून माणसांची रांग संपत नाही, पण "खोली आहे का?" विचारायला वळून येणारं कोणी नाही. ९ पैकी ४ खोल्या गेल्या. संध्याकाळी पाचनंतर सगळी गर्दी परत दस्तुरीच्या, म्हणजे गाड्या जिथे थांबवाव्या लागतात त्या नाक्याच्या दिशेने. सातला बाजार ओस.

मामा म्हणतो, "मंदी आहे रे, २००८ ला हेच बघितलंय." मी म्हटलं, कसली मंदी? इथे मुलुंडला मॉलमध्ये पार्किंग मिळत नाही.

विचारायचं कारण: एक पार्टी तीन वर्षांसाठी लॉज चालवायला घ्यायला तयार आहे, वर्षाला ठरलेली रक्कम देऊन. मंदी असेल तर ती जाईल, मग मामाने दम धरावा. पण लोकांनीच माथेरानकडे पाठ फिरवली असेल तर देऊन मोकळं व्हावं. यातलं खरं काय? धंद्यातल्या, तिथल्या किंवा नुसत्या फिरणाऱ्या, सगळ्यांनी सांगा.

खडूस_काका

पाठ फिरवली आहे. संपला धागा.

सविस्तर हवं असेल तर सांगतो. दस्तुरीला गाडीचं दार उघडायच्या आत चार जण खिडकीत. "ट्रेन बंद आहे साहेब, चालत गेलात तर तीन तास लागतील, वाटेत काही नाही, घोडा घ्या." बायको घाबरली, घेतले चार घोडे. परत येताना चालत आलो तर रमतगमत ५० मिनिटं लागली. आणि दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनहून छोट्या ट्रेनची शटल चक्क चालू होती, आमच्या डोळ्यांसमोर शिट्टी मारत गेली. पुन्हा पाऊल ठेवणार नाही. मंदीला कशाला दोष द्यायचा?

गावठी_कोंबडी

मंदी आहे की नाही ते माकडांना विचारा. पूर्वी हातातून आइस्क्रीम न्यायची, गेल्या वेळी माझ्या मुलाच्या हातातली साधी पोळी नेली. राहणीमान घसरलंय. (दिवे घ्या, म्हणजे हलके घ्या)

लाभपाचम

सुहासभाई, मी काळबादेवीला एका कापडाच्या पेढीवर २६ वर्षं हिशेब लिहितोय, म्हणून थोडं सांगू शकतो.

माथेरानची दिवाळी ही मुळात आमच्या बाजाराची दिवाळी. चोपडापूजन झालं की पेढी बंद, ती उघडते लाभपाचमेला, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीला. त्या मधल्या दिवसांत शेठ, शेठाणी, मुलं, भाऊ, भावाची मुलं, सोबत एक महाराज (स्वयंपाकी), असा पंधरा-वीस जणांचा काफिला माथेरानला. तीन-चार रात्री ठरलेल्या. जैन जेवण हवं, बाकी तक्रार नाही. आमच्या शेठच्या घरी तर कोणती खोली कोणाची हेसुद्धा ठरलेलं होतं.

आता २००८ बघा. सप्टेंबरमध्ये अमेरिकेत लेहमन ही मोठी बँक बुडाली, दिवाळी आली ऑक्टोबरच्या शेवटी. सुरतेला हिऱ्याच्या कारखान्यांनी दिवाळीची सुट्टी दिली आणि त्यातले कित्येक पुन्हा उघडलेच नाहीत. माझा साडू ऑपेरा हाउसला हिरेबाजारात दलाली करायचा. त्या वर्षी तो म्हणाला, "फिरायला जाऊ, पण लोकांना दिसलं नाही पाहिजे." म्हणजे पैसे नव्हते असं नाही, पण उधारी थकलेली असताना शेठ घोड्यावर बसलेला दिसला तर दुसऱ्या दिवशी पैसे मागणारे दारात! बाजारात मंदी ही आधी अशी दिसते. पुढे महिन्याभरात २६/११ झालं आणि नाताळही गेला.

हिऱ्याचं दुखणं आता परत आलंय. २०२३ ला धंद्यानेच ठरवून १५ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर कच्चा माल आणणं थांबवलं होतं, इतका तयार माल पडून होता. वर ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने ५० टक्के टॅरिफ (आयात कर) लावला. तेव्हा मामा म्हणतात ते अगदीच हवेतलं नाही.

विमानाची_खिडकी

सॉरी, पण असहमत. ज्यांच्याकडे पैसा आहे ते थायलंडला जातायत. नोव्हेंबर २०२३ पासून व्हिसासुद्धा लागत नाही. आमच्या सोसायटीत या दिवाळीत सहा कुटुंबं बाहेर गेली: तीन थायलंड, दोन व्हिएतनाम, एक बाली. माथेरानला चार दिवस सगळ्या कुटुंबाचा जो खर्च येतो त्यात थोडी भर घातली की झालं, आणि फोटोही बरे येतात.

लाभपाचम

@विमानाची_खिडकी, शेठची मुलं तिकडेच जातात, मान्य. पण शेठकडे आम्ही बारा जण कामाला आहोत. आम्ही कुठे जातो ते विचारा.

मुग्धा_डोंबिवली

मी सांगते आम्ही कुठे जातो. माथेरानलाच!

या वर्षी नवऱ्याच्या कंपनीत पगारवाढ नाही, बोनस अर्धा. घराचा हप्ता मात्र पूर्ण. आधी ठरलं होतं महाबळेश्वर, तीन रात्री. मग झालं लोणावळा, दोन रात्री. मग सासूबाई म्हणाल्या, सकाळी जाऊन रात्री परत येऊ की, मुलांना काय, झाडं बघायची आणि माकडं बघायची.

डोंबिवलीहून सकाळची कर्जत लोकल, नेरळ, तिथून शेअर टॅक्सीने दस्तुरी. डब्यात मेथीचे ठेपले, दही-भात, लिंबाचं लोणचं. पाण्याच्या सहा बाटल्या घरूनच. वर चालत. पॅनोरामा लांब म्हणून सोडला, एको पॉइंट आणि लेक बघितला. मुलांनी "घोडा घोडा" केलं, धाकट्याला एक छोटी फेरी दिली, मोठ्याला "तू आता मोठा झालास" सांगितलं.

घरी येऊन हिशेब केला. माथेरानमध्ये आमच्या सहा जणांचे किती पैसे सुटले? प्रवेशाची पावती, एक घोड्याची फेरी, चार लिंबू सरबतं, एक पाव किलो चिक्की. बस. आम्ही मजेत फिरून आलो हे खरं, पण तुमच्या मामांना आमच्याकडून काय मिळालं? दुपारी त्यांच्याच पडवीच्या कठड्यावर बसून डबा खाल्ला असेल तर माफी असावी.

सुहास_मुलुंड

मुग्धाताई, अहो एक कुटुंब खरंच बसलं होतं! मामीने त्यांना पाणी दिलं. ठेपले होते की नाही ते आठवत नाही.

पण तुम्ही म्हणताय तेच मला नेमकं दिसलं. माणसं आहेत, रात्र नाही.

निवृत्त_पासबुक

सुहासराव, मी नोकरीची अकरा वर्षं कर्जत तालुक्यातल्या एका बँकेच्या शाखेत काढली. डोंगरावरच्या बऱ्याच लोकांची खाती आमच्याकडे होती. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मुग्धाताईंनी दिलंच आहे, उरलेलं मी काउंटरच्या आतून सांगतो.

माथेरानचं वर्ष बारा महिन्यांचं नसतं. दिवाळीचे दोन-तीन आठवडे, नाताळचा एक आणि एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत. मधे शनिवार-रविवार. पाऊस लागला की नेरळहून येणारी गाडी बंद, निम्मी हॉटेलं कुलूपबंद, खिडक्यांना प्लास्टिक. मे महिन्यात जे मिळालं त्यावर दिवाळीपर्यंत जगायचं. आमच्या शाखेत जूनच्या पहिल्या आठवड्यात भरण्याची रांग लागायची. दहा-वीसच्या नोटांची बंडलं, रबर लावलेली, लाल मातीने माखलेली. कॅशियर वैतागायचा. ती रांग किती लांब आहे यावरून मी सांगायचो की ऑगस्टमध्ये सोनेतारणाच्या काउंटरला किती गर्दी होणार. सीझन पडला की मंगळसूत्रं आणि पाटल्या बँकेत यायच्या.

कारखान्याला मंदीचा एक तिमाही वाईट गेला तर पुढच्या तिमाहीत भरून काढता येतो. इथे एक मे बुडाला की वर्ष बुडालं. रिकामी राहिलेली खोली उद्या दुप्पट विकता येत नाही.

आणि आणखी एक. दुसरा आधार काही नाही. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी आहे, अलिबागला मासळी आहे, सुपारी आहे, पांढरा कांदा आहे. माथेरानला काय? शेती नाही, कारखाना येणार नाही, ४ फेब्रुवारी २००३ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन. ते योग्यच आहे, तो डोंगर त्यामुळेच वाचला. पण साडेचार हजारांच्या आसपास वस्तीचं गाव आणि प्रत्येक घराचा पैसा त्याच एका पाहुण्याच्या खिशातून. नगरपालिकेचंसुद्धा तेच.

मंदी उतरते कशी ते बघा. पाहुणा रात्र काढतो तेव्हा खोली, दोन वेळचं जेवण, सकाळचा घोडा, संध्याकाळची बाजारातली चप्पल, सामान उचलणारी बाई, धोबी, सगळ्यांना वाटा जातो. पाहुणा दिवसा येऊन गेला तर सरबतवाला आणि चिक्कीवाला सोडून सगळे उपाशी. गर्दी तीच, पण पैसा बाजाराच्या रस्त्यावरून आत गल्लीत वळतच नाही. म्हणून खालून बघणाऱ्याला वाटतं, कसली मंदी.

अंधेरी_फास्ट

काका, काय लिहिलंय! लाल मातीच्या नोटा डोळ्यांसमोर आल्या.

घोड्याची_नाल

नमस्कार. मी वरचाच, माथेरानचा. वडिलांचे तीन घोडे, आता दोन. मी सध्या पनवेलला नोकरी करतो, पण मे महिन्यात रजा टाकून घोड्यामागे धावतो.

खडूस काकांना आधी उत्तर देतो. तुमच्याशी जे झालं ते चूक झालं. नाकारत नाही. दस्तुरीवर खोटं बोलून पर्यटकाला लुटणारे आहेत आणि त्यांच्यामुळे सगळ्यांचं तोंड काळं होतं. याच कारणावरून मार्च २०२५ मध्ये आमच्याच गावाने माथेरान बंद ठेवलं होतं, हॉटेलवाले, दुकानदार सगळे. म्हणजे राग फक्त तुम्हाला नाही.

पण हे वाढतं कधी ते सांगतो. चांगल्या सीझनला पहाटे पाचला पाहुणा हॉटेलातून निघतो, सनराइज, मग सात-आठ पॉइंट, दुपारी परत. एक घोडा, एक गिऱ्हाईक, दिवस सुटला. खोटं बोलायला वेळ कोणाला आहे? मुक्कामी पाहुणा नसेल तर हॉटेलचं बोलावणं नाही. मग सगळे दस्तुरीवर येऊन उभे. वीस घोडे आणि दोन गिऱ्हाईकं. त्यात आता दस्तुरी ते बाजार ई-रिक्षा आहे, तिचं भाडं घोड्यापेक्षा कितीतरी कमी. एक दिवसाच्या पाहुण्याला तेवढंच अंतर हवं असतं. पॉइंट फिरायला त्याच्याकडे वेळ नाही.

आणि घोड्याला मंदी समजत नाही. गिऱ्हाईक असो नसो, त्याला भुसा, चणे, गवत लागतंच. नाल झिजते, पाऊस असला की खुराला त्रास होतो. सगळं खाद्य खालून येतं, वर आणायचं भाडं वेगळं. हॉटेलवाला कुलूप लावून घरी जातो, आचाऱ्याला गावाला पाठवतो. घोड्याला कुलूप कुठे लावणार?

२०२० च्या मे महिन्यात एक रुपया नाही. २०२१ चा मे, पुन्हा तेच. लोकल बंद म्हणजे आमचा नळ बंद. खालून काही लोकांनी घोड्यांसाठी खाद्याची पोती पाठवली, ती मोजून वाटली. आमची राणी घोडी त्या वर्षी विकली. वडील दस्तुरीपर्यंत तिच्यासोबत चालत गेले, पुढे गेले नाहीत.

खडूस_काका

@घोड्याची_नाल, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझा अनुभव माझ्या जागी आहे. पण "पुन्हा पाऊल ठेवणार नाही" हे मागे घेतो. चालत येईन. घोडा घेणार नाही!

घोड्याची_नाल

चालत या काका. चहा माझ्याकडे.

टिटवाळ्याचा_टिल्लू

अवांतर: त्या छोट्या गाडीबद्दल कोणी बोलत नाही? लहानपणी आम्ही मुद्दाम उतरून तिच्या बाजूने धावायचो आणि पुन्हा चढायचो.

चहा_बिस्कीट

ही आठवण प्रत्येक धाग्यावर किमान एक जण सांगतो. खरंच एवढे लोक धावत होते तर गाडीत कोण बसायचं?

पारशी_बंगला

अवांतरात माझीही भर. १९०७ ला गाडी सुरू झाली ती पीरभॉय कुटुंबाच्या पैशाने, तेव्हाचे १६ लाख रुपये. त्याआधी १८५० ला ठाण्याच्या मॅलेट कलेक्टरने ही जागा हेरली. म्हणजे वसवलं मुंबई-ठाण्याच्या साहेबांनी, रूळ टाकले मुंबईच्या व्यापाऱ्याने, बंगले बांधले मुंबईच्या पारशांनी. तिथे स्वतःचा पैसा कधी नव्हताच, सगळा वर चढून गेलेला. त्यामुळे मुंबईत हात आखडला की तिथे पहिला फटका, यात नवल काय?

गाडीवरून आठवलं, मंदी बऱ्याचदा एकटी येत नाही. मे २०१६ ला डबे घसरले म्हणून गाडी बंद झाली, आणि त्याच नोव्हेंबरच्या ८ तारखेला नोटाबंदी. २०१९ च्या पावसात रूळ वाहून गेले, ते दुरुस्त होण्याआधी कोविड. नेरळपासून पूर्ण गाडी परत धावली ती थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये.

सुहास_मुलुंड

नोटाबंदीच्या वेळी मी तिथेच होतो! लाभपाचम होऊन तीनच दिवस झालेले, त्यामुळे दिवाळीचा गल्ला सगळा पाचशे-हजारात, पत्र्याच्या डब्यात. मामा डबा पिशवीत घालून खाली बँकेत रांगेत. मामी म्हणाली, "पहिल्यांदा सीझन चांगला गेला म्हणून रडायची वेळ आली."

विमानाची_खिडकी

बरं, मग जीएसटी कमी झाल्याचा काही उपयोग? २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर १२ चा ५ टक्के झालाय.

सुहास_मुलुंड

कर कमी झाला तसे पाहुणेही कमी झाले. हलके घ्या. खरं सांगायचं तर मोठ्या हॉटेलांना थोडा झाला असेल. ज्याला रात्रच काढायची नाही त्याला ५ काय आणि १२ काय.

लालबागचा_जुना

सगळा धागा वाचला. एक जुनी गोष्ट सांगतो, पटली तर घ्या.

माझे वडील गिरणीत होते, विणखात्यात. १९८१ ला खात्यातल्या मंडळींनी मिळून माथेरानला सहल काढली होती. वडिलांचा एक फोटो आहे: पांढरा पायजमा, डोक्यावर कोणाची तरी उसनी हॅट, घोड्यावर ताठ बसलेले, आणि लगाम धरून उभा असलेला एक पोरगा हसतोय. आयुष्यात वडिलांनी केलेली चैन म्हणजे ती एक.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. तो कसा संपला, खरं तर संपलाच नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. अडीच लाख कामगार रस्त्यावर. कोणी गावी गेलं, कोणी भाजी विकली. माझे वडील १९८३ च्या उन्हाळ्यात ओळखीने माथेरानला एका हॉटेलच्या मोरीवर भांडी घासायला गेले. दोन महिने. आम्हाला सांगितलं की "हिशेबाचं काम आहे."

एक दिवस तोच लगामवाला पोरगा मागच्या दाराला चहा प्यायला आला. त्याने ओळखलं. वडील म्हणाले, "मला वाटलं तो हसेल. तो म्हणाला, साहेब, घोडा आणू का?" हे वडिलांनी आम्हाला सांगितलं ते वीस वर्षांनी.

एवढ्याचसाठी लिहिलं की एकाची मंदी म्हणजे दुसऱ्याचा सीझन असतो. त्या वर्षी हॉटेलवाल्यांना मुंबईहून स्वस्तात माणसं मिळाली.

मुग्धा_डोंबिवली

काका, नमस्कार तुमच्या वडिलांना.

घोड्याची_नाल

कोण पोरगा होता माहीत नाही, पण घरी विचारून बघतो. आमच्या चुलत्यांच्या वयाचा असेल.

अंधेरी_फास्ट

हातरिक्षावाल्यांचं काय होणार आता? सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२५ मध्ये सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करायला सांगितल्यात ना?

घोड्याची_नाल

हो. माणसाने माणसाला ओढायचं बंद, त्यांना गुजरातमधल्या केवडियासारखी ई-रिक्षाची योजना करून द्या असं सांगितलंय. निकाल योग्य आहे, ओढणाऱ्यांनाही हवाच होता. आमच्या शेजारचे काका ३५ वर्षं ओढतायत, दोन्ही गुडघे गेले. पण ई-रिक्षा हातात येईपर्यंत घर कशावर चालवायचं, हा त्यांचा प्रश्न आहे. मंदीत हा बदल आला की दोन्हीकडून मार.

संपादक_मंडळ

धागा चांगला चाललाय, पण ट्रेनच्या आठवणींचे आणखी १४ प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. कर्जतच्या वड्याबद्दलचे ९ सुद्धा. कृपया मूळ प्रश्नाकडे या.

गावठी_कोंबडी

वड्यावर अन्याय. निषेध.

निवृत्त_पासबुक

मूळ प्रश्नाकडे येतो. सुहासराव, "मंदी की पाठ" असा प्रश्नच अर्धवट आहे. वरचा थर थायलंडला गेला, तो परत येणार नाही. मधला थर मंदीमुळे रात्र वाचवतोय, तो कदाचित परत येईल, पण एकदा एका दिवसात माथेरान होतं ही सवय लागली की लगेच सुटणार नाही.

लॉज चालवायला देण्याबद्दल: वाईट वर्षात जो घ्यायला येतो तो स्वस्तात मागतो, हे साहजिक आहे. बघायचं एवढंच की पडता सीझन आला तर तो काय करेल. मी अशी तीन-चार प्रकरणं पाहिली आहेत. माणूस मे महिन्यात गल्ला गोळा करतो, पाऊस लागला की किल्ली शेजारी ठेवून गायब. छप्पर गळतंय, वीजबिल थकलंय, मालक कोर्टात. म्हणून पहिलं, वर्षाचे पैसे आगाऊ आणि अनामत वेगळी. दुसरं, पावसाळ्याची डागडुजी कोणाची ते लेखी. तिसरं, तीन वर्षं नको, अकरा महिने.

मुग्धा_डोंबिवली

मी धंद्यातली नाही, पण गिऱ्हाईक म्हणून सांगू? त्या दिवशी आम्हाला दोन गोष्टी हव्या होत्या आणि त्यासाठी मी पैसे दिले असते. एक, स्वच्छ संडास-बाथरूम. सासूबाईंनी सकाळपासून पाणीच प्यायलं नव्हतं त्या भीतीने. दोन, दुपारी एक ते तीन धाकट्याला आडवं करायला जागा. रात्रीची खोली आम्हाला परवडत नव्हती, दोन तासांची परवडली असती. आणि गरम वरण-भात मिळाला असता तर ठेपले संध्याकाळच्या गाडीसाठी ठेवले असते.

लाभपाचम

+१. कांदा-लसणाशिवायची थाळी पण ठेवा, भाई. आमचे बारा जण येतील.

घोड्याची_नाल

मुग्धाताईंचं बरोबर आहे. पण जमेल का ते बघा, सिलिंडर दस्तुरीपासून हातगाडीने येतो. थाळीचा भाव त्यात बसवावा लागेल.

सुहास_मुलुंड

(साडेतीन आठवड्यांनी)

उशिरा लिहितोय, माफ करा. सगळा धागा मामाला वाचून दाखवला. त्याने लालबागच्या काकांचा प्रतिसाद मध्येच थांबवायला लावला आणि उठून पडवीत गेला. मग आत येऊन म्हणाला, "पुढचं वाच."

पासबुक काकांनी सांगितल्याप्रमाणे त्या पार्टीकडे आगाऊ पैसे आणि अनामत मागितली. "विचार करून कळवतो" म्हणाले. अजून विचार चालू आहे.

मामीचा थाळीला विरोध होता. "सासऱ्यांच्या वेळेपासून लॉज आहे, आता खानावळ करताय?" शेवटी मामाने पुठ्ठ्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं: 'घरगुती जेवण. स्वच्छ बाथरूम. दुपारची विश्रांती तासावर.' आणि कठड्याला बांधलं. पहिल्या शनिवारी चार थाळ्या. मागच्या रविवारी बावीस. दोन खोल्या दुपारच्या विश्रांतीला गेल्या, त्यातल्या एका आजी चारला उठल्या आणि म्हणाल्या, आता आजची रात्र राहूच की. मुलगा नको म्हणत होता, पण आजीच जिंकल्या.

आचाऱ्याला दिवाळीनंतर गावाला पाठवणार होते, तो थांबलाय. मे महिन्याचं काय ते मे महिन्यात बघू असं मामा म्हणतो. सोनेतारण काउंटरला मामी यंदा जायची नाही, निदान तसं ती म्हणते.

नुकसान: माकडाने पापडाचा डबा पळवला, झाकणासकट.

गावठी_कोंबडी

पोळीवरून पापड. परिस्थिती सुधारतेय.

खडूस_काका

थाळीचा भाव काय? सोलकढी धरून की वेगळी?

सुहास_मुलुंड

धरून. पण काका, तुम्ही चालत आलात तर दुसरी वाटी मामीकडून.